पोराच्या पोटाला खाडा नसतो

(करंजा इथं धक्क्यामागच्या वस्तीत युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो ते फारसं न बदलता उतरवलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘गोदी कामगार आणि आजची कविता’ असा छापलाय. त्यावर पुन्हा कधीतरी. आज मी पोटगीवर बोलणार आहे. हसू नका. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले, ते का हसले ते मला ठाऊक आहे. त्यातल्या एकाच्या खिशात समन्स आहे आणि ते मीच त्याला वाचून दाखवलंय.

धक्क्यावर मी मॅट्रिकवाला म्हणून ओळखला जातो. बर्फाच्या लाद्या उचलून हात बधिर झालेले असतात, त्याच हातात कुणी ना कुणी कागद आणून ठेवतो. बँकेचा, रेशनचा, कंत्राटदाराचा आणि अलीकडं कोर्टाचा. आधी त्यावर कलम १२५ असायचं, आता १४४ असतं. वाचून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘यातनं सुटायचं कसं?’ आजवर एकानंही मला विचारलं नाही की ‘द्यायचे किती?’

मी स्वतः देतो. दोन वर्षं झाली आम्ही वेगळे राहतो. कुणाचं काय चुकलं हा हिशेब मी इथं मांडणार नाही, तो आम्हा दोघांचा. पोरगी पाच वर्षांची आहे, आईजवळ पनवेलला असते. दर महिन्याच्या सात तारखेला चार हजार रुपये तिच्या आईच्या खात्यात जातात. धक्क्यावर मला यावरून ‘हप्तेवाला’ म्हणतात. म्हणा. टीव्हीचा हप्ता, मोटरसायकलचा हप्ता, सावकाराचा हप्ता, हे सगळे इमानेइतबारे भरणाऱ्या माणसांनी पोरीच्या हप्त्याला हसावं याची मला गंमत वाटते.

आपण स्वतःला हातावर पोट असलेली माणसं म्हणवतो. भाषणात म्हणतो, कवितेत म्हणतो, मालकापुढं म्हणतो. खरंच आहे ते. पण हातावर एकच पोट असतं आणि ते आपलंच असतं, असं कुणी सांगितलं? पोटगी या शब्दातच पोट आहे. बायकोचा सूड त्यात नाही, बापाचा अपमान नाही, कोर्टाचा दंडही नाही. सकाळचा चहा-बटर, दुपारची भात-आमटी, दप्तर, गोळ्या-औषध, घरभाड्यातला तिचा वाटा. एवढाच त्याचा अर्थ.

आता कायद्याचं सांगतो, कारण नाक्यावर याबद्दल जेवढ्या अफवा आहेत तेवढ्या कुठल्याच कायद्याबद्दल नाहीत. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी संहितेत कलम ४८८ होतं. टाकलेली बायको, टाकलेलं पोर रस्त्यावर येऊ नये म्हणून. इंग्रजाला त्यांची दया आली होती असं समजू नका, रस्त्यावर आलेल्या माणसांची सरकारला भीती असते. स्वातंत्र्यानंतर नवी संहिता झाली १९७३ ची, १ एप्रिल १९७४ पासून लागू. तिच्यात हे कलम १२५ झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते १४४ आहे. नंबर बदलले, गाभा तोच : ज्याची ऐपत आहे आणि जो बायकोला, पोराला, म्हाताऱ्या आईबापाला सांभाळत नाही, त्याला दर महिन्याला रक्कम देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट करू शकतो. पोर लग्नातलं असो की लग्नाबाहेरचं. ‘तिच्याशी माझं लग्नच झालं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं. बायकोच्या हक्कावर लग्नाचा वाद घालता येतो, पोराच्या हक्कावर येत नाही. आणि बायकोच्या बाबतीतही, पहिलं लग्न लपवून दुसरी केली आणि मग ‘ती कायदेशीर बायको नाही’ म्हणून हात झटकले, असं करणाऱ्या एका माणसाला महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सोडलं नाही.

या कलमाला जात विचारता येत नाही, धर्मही नाही. शाहबानो नावाच्या म्हातारीचा खटला तुम्ही ऐकला असेल. इंदूरची बाई, मॅजिस्ट्रेटनं महिना पंचवीस रुपये दिले, हायकोर्टानं ते एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे केले. एवढ्या रकमेवरून १९८५ साली देश पेटला, १९८६ साली वेगळा कायदा झाला. पण त्या कायद्यानंतरही लेकराचा हक्क शाबूत आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली सांगितलं. मोठमोठ्या माणसांनी धर्मावर भाषणं केली, वीस पैशांचा हिशेब मात्र त्या बाईला ठेवावा लागला.

आपल्यातले काही जण म्हणतात, आपण १९५६ ला धर्म सोडला, मग हिंदूंचे कायदे आपल्याला कसे लागतील? लागतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन, शीख धरलेले आहेत. यावर राजकीय वाद जरूर घाला, मीही घालीन. पण पोरीची वही विकत घ्यायची वेळ आली की धर्मांतर आठवायचं आणि बाकी वेळी जुन्याच रीतीनं बायकोला माहेरी घालवायचं, हा वाद नव्हे, ही पळवाट आहे.

बाबासाहेबांचं नाव आपण प्रत्येक भाषणात घेतो, मग पुरतं घेऊ या. कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलावर वर्षं घालवली. बाईला घटस्फोट मागता यावा, वारसा मिळावा, पोटगी मिळावी. संसदेत बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल एक मोठं कारण होतं. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले, त्यातला एक दत्तक आणि निर्वाहाचा १९५६ चा. त्याचं कलम वीस सांगतं की मुलांना आणि वृद्ध आईबापाला सांभाळणं बंधनकारक आहे, बापावरही आणि आईवरही. बिनलग्नाच्या मुलीचा हक्क तर अठरा वर्षांवर संपत नाही, ती स्वतःला पोसू शकत नसेल तर लग्न होईपर्यंत चालतो. ज्या माणसानं यासाठी खुर्ची सोडली, त्याचा फोटो भिंतीवर लावून त्याखाली बसून ‘पोटगीतनं सुटायचं कसं’ यावर खलबतं चालतात. मी पाहिलीत. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे, २५ डिसेंबर १९२७ ला तिथं मनुस्मृती जाळली. चौकात जळालेलं पुस्तक कितीतरी घरांत चुलीमागं अजून शाबूत आहे आणि ते जपणाऱ्यांत आपलीही घरं आहेत.

आता सबबी. पहिली आणि सर्वांत मोठी : ‘मी रोजंदारीवाला, माझा पगार ठरलेला नाही.’ ही सबब मी टाळणार नाही, कारण ती खोटी नाही. करंज्याचा धक्का कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. हंगामात रात्र-रात्र क्रेट उचलायचे आणि जून लागला की मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, जाळी वाळत टाकलेली, धक्क्यावर कावळे. पलीकडं न्हावा-शेव्यात कंटेनर बारा महिने येतात, पण तिथं कंत्राटदारानं बोलावलं तर हजेरी, नाही तर खाडा. अशा माणसानं महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम आणायची कुठून? प्रश्न खरा आहे. पण त्याच जूनमध्ये शाळा उघडते. वह्या, गणवेश, बूट, रेनकोट सगळं एका महिन्यात. म्हणजे आपल्या हाताला काम नसतं नेमक्या त्या महिन्यात पोराचं पोट सर्वांत जास्त मागतं. आपण खाडा करू शकतो, मुकादम खाडा लावू शकतो, समुद्रसुद्धा खाडा करतो. पोराच्या पोटाला खाडा नसतो.

मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल. पावसाळ्यानंतर हंगाम जोरात असतो तेव्हा जून-जुलैचे आठ हजार आधीच वेगळ्या खात्यात बाजूला टाकतो. ते पैसे माझे नाहीतच असं धरतो. एखाद्या हंगामात जमत नाही, तेव्हा उचल घेतो. दारूसाठी, गणपतीसाठी, क्रिकेटच्या टीमच्या जर्सीसाठी आपण उचल घेतोच की.

आणि खरोखरच कमाई घटली, अपघात झाला, काम सुटलं, तर कायद्यात वाट आहे. रक्कम बदलून मागता येते. जुन्या संहितेत कलम १२७ होतं, आता १४६. कमी करूनही मागता येते आणि तिला वाढवूनही मागता येते. पण त्यासाठी कोर्टात जाऊन खरं सांगावं लागतं. खरं सांगायचं सोडून आपण काय करतो? कंत्राटदाराला, मुकादमाला गाठतो आणि म्हणतो, ‘माझी हजेरी अर्धीच दाखव.’ अरे, मालक अर्धी हजेरी दाखवतो तेव्हा आपण त्याच्या फाटकावर लाल होतो, मोर्चा काढतो, चोर म्हणतो! पोरीच्या पोटासाठी मात्र तोच चोर आपला साक्षीदार. हा माणूस पुढच्या वेळी बोनस मागायला गेला तर मुकादम त्याच्या तोंडावर हसेल, आणि हसायचा हक्क त्याला आपणच दिलेला असेल.

ही लपवाछपवी आता अवघड होत चाललीय. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातनं सुरू झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं की दोघांनीही आपली कमाई, कर्ज, मालमत्ता, खर्च प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे तारखा पाडून वेळ काढला, तरी मागचं सगळं अंगावर येतं. एकाच पोटासाठी दोन कायद्यांखाली दोनदा वसुली होऊ नये, मिळालेली रक्कम वजा व्हावी, हेही त्याच निकालात आहे. ‘बायका चार-चार केसेस टाकून चौपट घेतात’ ही जी नाक्यावरची गोष्ट आहे तिचं उत्तर तिथंच आहे.

२०२२ साली आणखी एका निकालात म्हटलं की नवरा धडधाकट असेल तर अंगमेहनत करूनसुद्धा त्यानं कमवावं आणि द्यावं. वाचताना मला हसू आलं. तिकडं कुणातरी साहेबाला ही धमकी वाटली असेल. इथं बसलेल्यांनी दुसरं केलंय काय आयुष्यभर?

दुसरी सबब : ‘पोरीला भेटू देत नाही, मग पैसे कशाला?’ दुखणं खरं आहे. मला ठाऊक आहे, भेटीच्या रविवारी दार बंद दिसलं की काय होतं ते. पण भेटीचा अर्ज वेगळा, पोटगी वेगळी. पैसे अडवून भेट मिळत नाही, वकिलाच्या हातात फक्त एक मुद्दा वाढतो. तिकडूनही हेच : पैसे थकले म्हणून पोर बापाला दाखवायचं नाही, हेही चूक. मध्ये पोर आहे, ते कुणाचं तारण नाही.

तिसरी : ‘पंचांसमोर फारकत झाली, स्टँपवर लिहून दिलंय, तिनं काही मागणार नाही म्हणून सही केलीय.’ यावर कितीतरी जण निर्धास्त झोपतात. आईनं स्वतःपुरतं काही सोडलं असेल, त्यावर कोर्टात वाद होईल. पण लेकराचा हक्क तिला सोडून देता येत नाही, पंचांना तर नाहीच नाही. त्या कागदावर पोराची सही आहे का? आणि नुसत्या स्टँप पेपरनं काडीमोड होत नाही. जातीची तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. जात मोडायला निघालेली माणसं जातीची रूढी सिद्ध करायला पंच घेऊन उभी राहतात, हे दृश्य मी कवितेत घातलं तर तुम्ही म्हणाल अतिशयोक्ती करतो.

चौथी : ‘जेलमध्ये जाऊन येतो, विषय संपवतो.’ नाही संपत. हुकूम मोडला तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण जेल म्हणजे वसुलीची एक रीत, फेड नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. जेलमधनं बाहेर आलं तरी रक्कम तिथंच उभी.

इथं मात्र मी कोर्टाच्या बाजूनं टाळ्या वाजवणार नाही. जेलमध्ये कोण जातो ते बघा. बंगलेवाला वरच्या कोर्टात जातो, स्थगिती आणतो, कमाई भावाच्या नावावर दाखवतो. खलाशी, हमाल, रिक्षावाला, ज्याला समन्स वाचता येत नाही, ज्याच्या गैरहजेरीत हुकूम झाला, त्याला एक दिवस वॉरंट घेऊन पोलीस धक्क्यावर उचलतात. त्याची मजुरी बुडते, पोराची पोटगीही बुडते, कुणाच्याच ताटात काही पडत नाही. गैरहजेरीत झालेला हुकूम योग्य कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत रद्द करून घेता येतो, हे त्याला सांगायला कुणी नसतं. ही वर्गाची गोष्ट आहे आणि ती आपण बोललीच पाहिजे. पण ती बोलायचा अधिकार देणाऱ्याला आहे, पळणाऱ्याला नाही.

आणि बाईचा खाडा कुणी मोजतो का? ती चार घरची धुणीभांडी करते, नाही तर कोळंबी सोलायला जाते. कोर्टाची तारीख म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी गेली, पोर शेजारणीकडं, रिक्षाचं भाडं वेगळं. दुपारी कळतं साहेब रजेवर आहेत. पुढची तारीख दीड महिन्यानं. मूळ केंद्रीय कायद्यात पोटगीला पाचशे रुपयांची मर्यादा होती, १९५५ साली घातलेली, १९७३ च्या संहितेतही तीच ठेवली. काही राज्यांनी मधे ती वाढवली, पण देशभरासाठी मर्यादा उठायला २००१ साल उजाडलं. विचार करा, तांदळाचा भाव किती बदलला आणि कायद्याचा आकडा तिथंच. आता अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. त्या ‘शक्यतो’वर किती चुली विझतात ते कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायांना विचारा.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्ता हक्क परिषद भरली. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या माणसांनी टाकलेल्या बायांना एकत्र आणलं. ‘टाकलेली’ हा शब्द बघा. चिंधी टाकतात, उष्टं टाकतात, बाई टाकतात. या शब्दाला धरून त्या बाया रस्त्यावर आल्या, पोटगी मागितली, रेशनकार्डावर स्वतःचं नाव मागितलं. आपल्या तरुण पोरांना जगातल्या सगळ्या लढ्यांची नावं पाठ असतात, हा नगर जिल्ह्यातला लढा माहीत नसतो. कारण त्या लढ्यात शत्रू म्हणून आपण उभे होतो.

कवितेचं बोलायचं नाही म्हटलं तरी एक बोलतोच. आमच्या कवितांत आई असते. डोक्यावर भारा, हाताला घट्टे, उपाशी राहून पोराला भरवणारी. मीही लिहिल्यात तसल्या चार-पाच. टाळ्या पडतात. पण आपल्या पोराची आई कुठल्या कवितेत आहे? तिच्याही हाताला घट्टे आहेत, तीही उपाशी राहून भरवते, आणि तिला उपाशी ठेवणारा या वेळी सावकार नाही, पाटील नाही. कवीच आहे. म्हणून ती ओळ लिहिली जात नाही.

या उरण तालुक्याला हक्काचा पैसा काय असतो ते शिकवावं लागत नाही. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या रास्त भावासाठी इथं पाच माणसं पोलिसांच्या गोळीनं मेली. सरकार दान देतंय असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. मग पोरीला चार हजार दिले की ‘मी तिला देतो’ अशी दात्याची भाषा आपल्या तोंडात का येते?

संघटनेपुढं माझी एक मागणी आहे आणि ती मी लेखी दिली आहे. शाखेचं पद मागणाऱ्याला आपण विचारतो, तुरुंगात किती दिवस होतास, मोर्चे किती केलेस. त्यात एक प्रश्न वाढवा : घरचं देणं थकलंय का? थकलं असेल तर आधी ते, मग पद. यावर वरच्या कमिटीतल्या एका साथीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘खाजगी बाबी चळवळीत आणू नका.’ आमच्या वस्तीत भिंती पत्र्याच्या आहेत, साथी. पोर रडलं की चौथ्या घरात ऐकू येतं. खाजगी कुठं आहे ते?

आता कामाचं. पैसे रोख देऊ नका, भांडणात पुरावा राहत नाही. खात्यात टाका, नाही तर मनीऑर्डर करा आणि पावती जपा. समन्स आलं की लपू नका, पहिल्याच तारखेला जा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याखाली बाईला, मुलाला, अनुसूचित जातीच्या माणसाला कमाई न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे तिलाही मिळतो आणि तुम्हालाही. अर्ज तालुक्याच्या कोर्टातच करायचा.

दाराशी उभ्या राहून ज्या बाया ऐकतायत त्यांना एक सांगायचं राहिलं. हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. उशीर झाला की ते महिने वॉरंटनं वसूल करणं हातचं जातं. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणून थांबू नका ताई, वही करा, तारीख टाका. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टातही करता येतो, सासरच्या गावाला हेलपाटे घालावे लागत नाहीत. रविवारी मला कामाला सुट्टी असते. दहा ते एक मी वस्तीच्या वाचनालयात बसतो. कागद घेऊन या, लग्नाचा नसला तर पोराच्या जन्माचा, शाळेचा, जो असेल तो.